अळी दिसण्याआधी

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या शेतात माणसे गोळा होतात. आदल्या संध्याकाळी घटाभोवती मांडलेल्या अठरा धान्यांत रात्रीतून काय हालचाल झाली हे पाहून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. पाऊस कोणत्या महिन्यात किती, कोणते पीक साधेल, कोणते मोघम राहील, पिकांवर रोगराई कितपत येईल. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही हे तिथे जमणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक असते. तरीही ते येतात, कारण पैसा मातीत टाकण्याआधी पुढचे काहीतरी कळावे ही त्यांची गरज खरी आहे. पावसाबाबतची ती गरज हवामान खाते आता बऱ्यापैकी भागवते. किडीबाबत मात्र शेतकरी अजून घटाजवळच उभा आहे.

आज १ जुलै, वसंतराव नाईक यांची जयंती, म्हणजे आपला कृषी दिन. पंचायत समित्यांमध्ये प्रतिमापूजन होईल, प्रयोगशील शेतकऱ्यांचे सत्कार होतील. त्याच वेळी सिल्लोड, कन्नड, येवला, मालेगावच्या शिवारांत मका जमिनीतून वर येत असेल. कुठे दोन पाने, कुठे चार, कुठे पेरणीच व्हायची असेल. त्या कोवळ्या मक्यावर अंडी घालणारा राखाडी-तपकिरी पतंग रात्री बाहेर पडू लागलेला असेल. त्याचा जोर कोणत्या तालुक्यात कोणत्या आठवड्यात वाढेल, हे आधी सांगता येते का? येते. तारखेवार अचूक नाही, पण शेतकऱ्याच्या कामापुरते नक्की येते. जे सांगता येते ते वेळेवर सांगितले जात नाही, म्हणून आज हा विषय.

अमेरिकन लष्करी अळी हे नाव २०१८पूर्वी आपल्याकडच्या शेतकऱ्याने ऐकलेले नव्हते. मूळची ती अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाची. २०१६च्या सुरुवातीला ती पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोन वर्षांत त्या खंडातल्या बहुतेक मका पिकवणाऱ्या देशांत पसरली. मे २०१८मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे शास्त्रज्ञांना ती मक्यावर दिसली, त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात आली आणि २०१९च्या खरिपात मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र असा सगळा मका तिने गाठला. जानेवारी २०१९मध्ये ती चीनच्या युन्नान प्रांतात होती, २०२०च्या आरंभी ऑस्ट्रेलियात. तिचा पतंग एका रात्रीत वाऱ्याच्या साथीने शंभर किलोमीटर जाऊ शकतो. एक मादी आयुष्यात दीड हजारापर्यंत अंडी घालते, पुंजक्या-पुंजक्यांनी, वर केसाळ आवरण घालून.

तोवर आपल्या मक्याचा ओळखीचा शत्रू खोडकिडा होता. नव्या अळीने सगळे गणित बदलले, ते तिच्या भुकेमुळे आणि तितकेच तिच्या लपण्याच्या जागेमुळे. अंड्यातून निघालेली बारीक अळी आधी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते. पानावर पांढुरके, आरपार उजेड दिसणारे चट्टे पडतात. हा काळ साधारण आठवडाभराचा. अळी उघड्यावर असते, नाजूक असते, निंबोळी अर्कानेही आवरते. मग ती पोंग्यात शिरते. पोंग्यात शिरल्यावर ती आपल्याच विष्ठेच्या भुशाखाली बसून आतला कोवळा गाभा कुरतडते आणि वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके ही तिची खूण प्रत्येक माहितीपत्रकात छापलेली असते. पण ती खूण उघड्या डोळ्यांनी स्पष्ट दिसेपर्यंत अळी मोठी झालेली असते, म्हणजे उपायाचा आठवडा बहुधा उलटलेला असतो. शेतकरी पोंग्यातला भुसा पाहतो, फाटकी पाने पाहतो आणि मग कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जाऊन उभा राहतो. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही गत दर खरिपात हजारो शेतांत होते.

म्हणून अंदाज अळीचा करून चालत नाही, तो पतंगाचा करावा लागतो. त्यासाठी लागणारे ज्ञान बरेच जुने आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओमूर याने १७३५मध्येच असे मांडले होते की सजीवाची वाढ किती दिवस गेले यापेक्षा त्याला एकूण किती ऊब मिळाली यावर ठरते. कीटकाला स्वतःची ऊब नसते. हवेतली ऊब तो साठवत जातो आणि ठरावीक साठा झाला की पुढच्या अवस्थेत जातो. या अळीवर झालेल्या प्रयोगांतून दिसले आहे की सुमारे साडेबारा अंश सेल्सिअसच्या खाली तिची वाढ थांबते आणि अंड्यापासून पतंगापर्यंत तिला सुमारे ३९० अंश-दिवस लागतात. अंश-दिवस म्हणजे रोजच्या सरासरी तापमानातून ते साडेबारा वजा करायचे आणि उरलेले दिवसागणिक मिळवत जायचे. जुलैत सरासरी २६ अंश असेल तर रोज साडेतेराची भर पडते आणि एक पिढी २९ दिवसांत पुरी होते. रब्बीत सरासरी २० अंशांवर आली की त्याच पिढीला ५२ दिवस लागतात. गणित शाळकरी मुलाला जमेल इतके सोपे आहे. त्याला लागतात दोनच गोष्टी: पतंग कोणत्या दिवशी वाढले, आणि त्यानंतर रोज तापमान किती राहिले.

पहिली गोष्ट कामगंध सापळा सांगतो. मादीच्या गंधाची गोळी लावलेला हा साधा प्लास्टिकचा सापळा. त्यात फक्त नर येतात. अळी याने मरत नाही, पण रात्री शिवारात काय चालले आहे याची बातमी सकाळी मिळते. एकाएकी नर वाढले की समजायचे, माद्याही आल्या आहेत. २६ अंशांना अंडी तीनेक दिवसांत फुटतात, पुढचा आठवडा अळी उघड्यावर. सापळा भरल्यापासून साधारण पंधरा दिवसांत त्या शेताचे बरेवाईट ठरून जाते. हे पंधरा दिवस आधी हातात असणे यालाच किडीचा अंदाज म्हणायचे.

अमेरिकेच्या मका पट्ट्यात याची घडी बसलेली आहे. इलिनॉय, इंडियाना, आयोवा या राज्यांत कोवळी रोपे बुडाशी कापणाऱ्या अळीचे पतंग हिवाळ्यात टिकत नाहीत. दर वसंतात दक्षिणेकडच्या वाऱ्यांबरोबर ते नव्याने येतात. विद्यापीठांचे विस्तार विभाग गावोगावच्या स्वयंसेवकांकडून सापळे मोजून घेतात. दोन रात्रींत आठ-नऊ पतंग सापडले की तो दिवस धरून ऊब मोजायला सुरुवात होते आणि तिथल्या फॅरनहाइट मापाने तीनशे अंश-दिवस भरले की रोपे कापली जाण्याची तारीख येते. ती तारीख जिल्हावार आधीच कळवली जाते. लष्करी अळीही तिकडे थंडीत फक्त फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला तगते आणि तिथून पिढ्यानपिढ्या उत्तरेला सरकत कॅनडापर्यंत जाते. कोणत्या रात्री कोणत्या उंचीवर वारा कुठे वाहिला यावरून तिचा मार्ग काढणारी संगणकीय प्रारूपे तिकडे आहेत. चिनी शास्त्रज्ञांनी २०१९मध्ये अशाच वाऱ्याच्या हिशेबाने जपान आणि कोरियाला धोका असल्याचे सांगितले होते. त्याच उन्हाळ्यात ती दोन्हीकडे पोहोचली.

हे सगळे उचलून इकडे आणावे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेच्या मक्यात ती दरवर्षीची पाहुणी आहे. आपल्याकडे ती घरात राहायला आली आहे. तिला मारील इतकी थंडी महाराष्ट्रात पडत नाही. त्यात आपला मका आता बारमाही झाला आहे. खरिपाचा, रब्बीचा, उन्हाळी, मधुमका, आणि नगर, सोलापूर, सांगली, पुण्याच्या दुधाच्या पट्ट्यात हिरव्या चाऱ्याचा आणि मुरघासाचा. मे महिन्यात सगळे रान उजाड असते तेव्हा विहिरीच्या पाण्यावर वीस गुंठे चारा-मका हिरवागार उभा असतो. खरिपाचा पहिला पतंग शोधायचा तर दूरच्या वाऱ्यात शोधण्याआधी तो त्या वीस गुंठ्यांत शोधला पाहिजे. म्हणजे आपला अंदाज मृगाच्या पावसाच्या कितीतरी आधी, उन्हाळी चाऱ्याच्या शेतात लावलेल्या सापळ्यापासून सुरू व्हायला हवा. आपले मोजणे खरीप पेरणीनंतर सुरू होते, तोवर पहिल्या पिढीची तयारी झालेली असते.

आपल्याला जवळचा वाटावा असा धडा अमेरिकेपेक्षा टांझानियात आहे. तिथे लष्करी अळीची आफ्रिकन जात मक्याची आणि ज्वारी-बाजरीची रोपे काही दिवसांत फस्त करते. पूर्व आफ्रिकेत तिच्यासाठी सापळ्यांचे सरकारी जाळे जुने होते, पण अंदाज वरून निघून गावात पोहोचेपर्यंत अळी मोठी झालेली असे. मग २०००च्या दशकाच्या सुरुवातीला किलोसा जिल्ह्यात काही गावांनी अंदाज आपल्याच हातात घेतला. गावाला एक कामगंध सापळा, एक पर्जन्यमापक आणि गावातूनच निवडलेला, शिकवलेला एक शेतकरी. त्याने रोज पतंग मोजायचे, पाऊस मोजायचा आणि आठवड्याला दोन्हींची सांगड घालून गावाला सांगायचे: येत्या आठवड्यात धोका आहे, किंवा नाही. पतंग भरपूर आणि पाऊसही झालेला, तर धोका. कारण पावसाने पतंग खाली उतरतात आणि अळीला कोवळे गवत, कोवळी रोपे मिळतात. या व्यवस्थेत उपग्रह लागला नाही, संगणक लागला नाही. जो माणूस अंदाज सांगत होता तो त्याच विहिरीवर पाणी भरत होता, त्यामुळे चुकला तर त्याला तोंड लपवायला जागा नव्हती आणि बरोबर आला तर गावाचा विश्वास त्याच्या पाठीशी होता. ही गोष्ट आम्हाला कोणत्याही यंत्रापेक्षा मोठी वाटते.

महाराष्ट्राकडे तर याहून कितीतरी अधिक साधने आहेत. २००८च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यातून धडा घेऊन पुढच्याच वर्षी राज्याने पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू केला. ठरलेल्या गावांत ठरलेल्या दिवशी शेतात जाऊन किडी मोजायच्या, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की सल्ला द्यायचा, ही शिस्त देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर आणणाऱ्या राज्यांत आपण होतो. पुढे मकाही त्यात आला. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार निघतो. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचे अॅप आणले, त्यात किडीचा फोटो टाकला की ओळख पटते.

यातले प्रत्येक काम चांगले आहे. पण सर्वेक्षण म्हणजे अंदाज नव्हे. सर्वेक्षक शेतात आज काय आहे ते सांगतो, अॅप हातातली अळी कोणती ते सांगते. पुढल्या बुधवारी काय होईल, हे सांगण्यासाठी सापळ्यातली पतंगांची संख्या, त्याच मंडळातले तापमान, त्याच मंडळातल्या पेरणीच्या तारखा आणि येत्या पाच दिवसांचा पाऊस हे चार आकडे एका ओळीत यावे लागतात. हे आकडे आज मोजले जातात, पण वेगवेगळ्या दप्तरांत राहतात. मक्याच्या शेतकऱ्याला मोबाइलवर मिळतो तो सल्ला बहुधा सरसकट असतो: प्रादुर्भाव दिसल्यास अमुक औषध तमुक प्रमाणात फवारावे. ‘दिसल्यास’ या एका शब्दाने सगळा फायदा निसटतो.

टोळांच्या बाबतीत हाच देश किती वेगळा वागला ते पाहा. टोळधाडीची आगाऊ सूचना देणारी संघटना आपल्याकडे १९३९पासून आहे. मे २०२०मध्ये टोळांचे थवे राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, नागपूरकडे आले तेव्हा त्यांची वाट आधीपासून नकाशावर आखली जात होती, रात्री थवा कुठे उतरला याची खबर गावकरी देत होते आणि पहाटे फवारणीचे पथक तिथे पोहोचत होते. टोळ दिवसा उडतो, आकाश काळे करतो, त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. मक्याचा पतंग रात्री उडतो आणि दिवसा पानाआड बसतो. त्याचे नुकसान शेत-शेत वाटून होते, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण टोळ कित्येक वर्षांतून एकदा येतो, हा दर महिन्याला नवी पिढी काढतो.

वसंतराव नाईक यांच्या काळाचा इथे एक संदर्भ आहे. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली, उत्पादन वाढले, आणि तिच्याबरोबर खोडमाशीही वाढली. तेव्हा कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्याला पहिली गोष्ट शिकवली ती औषधाची नव्हे, तारखेची. पाऊस झाल्याबरोबर पेरा. जो लांबला त्याची ज्वारी माशीने नेली. गावाने एकत्र पेरले तर माशी विखुरते, मागेपुढे पेरले तर मागच्याच्या शेतात ती जमा होते. आजही ज्वारीच्या भागात जुनी माणसे पेरणीच्या तारखेवरून माशीचे भाकीत करतात आणि ते बहुधा खरे ठरते. म्हणजे कीड अंदाजाने टाळता येते, हे ज्ञान या मातीला नवे नाही. मक्याला ते अजून लाभलेले नाही, एवढेच.

अंदाज चुकेल ही भीती खोटी नाही. सापळ्यात पतंग पुष्कळ आले आणि पाठोपाठ मुसळधार पाऊस झाला तर बारीक अळ्या पोंग्यातल्या पाण्यात बुडून मरतात आणि इशारा फोल ठरतो. शेजारी कोवळा मका असेल तर पतंग तिकडे जातात. तीनदा खोटा इशारा मिळालेला शेतकरी चौथ्यांदा ऐकणार नाही. म्हणून अंदाज देणाऱ्याने ‘शक्यता जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ अशा साध्या भाषेत बोलावे आणि मागच्या आठवड्याचा अंदाज किती खरा ठरला हेही पुढच्या आठवड्यात सांगावे. हवामान खात्याच्या पावसाच्या अंदाजावर वर्षानुवर्षे टीका झाली, पण खाते रोज अंदाज देत राहिले, म्हणून तो सुधारला. अंदाज न देणाऱ्याचा अंदाज कधीच सुधारत नाही.

आणि अंदाजाची खरी किंमत कित्येकदा इशाऱ्यात नसते, दिलाशात असते. ‘या आठवड्यात तुमच्या मंडळात धोका कमी आहे, फवारू नका,’ हे एक वाक्य एकरी हजार-दीड हजारांचा खर्च वाचवू शकते. आज मका उगवून पंधरा दिवस झाले की शेजारी फवारतो म्हणून आपणही फवारायचे, एका औषधाने भागेना की पंपात दोन-तीन मिसळायची, असे चालते. मका डोक्याच्या वर गेल्यावर फवारणी करणाऱ्याच्या तोंडावर औषध उडते. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या घरांना आजही विचारून पाहा, एक अनावश्यक फवारणी टळणे म्हणजे काय. पीक वाचवण्याइतकेच पंप पाठीवर घेणारा माणूस वाचवणे हे या कामाचे प्रयोजन आहे.

मक्याचे क्षेत्र पुढेही वाढणार आहे. कोंबडीखाद्य, स्टार्च यांच्या जोडीला आता इथेनॉलची मागणी आली आहे. २०२५-२६साठी हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरला. सोयाबीन-कपाशीने पोळलेले पुष्कळ शेतकरी मक्याकडे वळत आहेत. कारखान्याला मका किती लागेल याचा हिशेब कैक महिने आधी होतो. त्या मक्यावर पतंग कधी येईल याचा पंधरा दिवस आधीचा हिशेब शेतकऱ्याला मिळाला पाहिजे, ही मागणी मोठी नाही.

ती पूर्ण करायला नवे महामंडळ नको, नवी इमारत नको. मका पिकणाऱ्या प्रत्येक महसूल मंडळात उन्हाळ्यापासून दोन-चार गावांत सापळे लावावेत, ते मोजणारा त्याच गावातला तरुण किंवा बचत गटातली भगिनी असावी आणि मोजणाऱ्याला या कामाचे मानधन मिळावे. रोजचा आकडा सगळ्यांना पाहता येईल असा खुला असावा. महावेधच्या तापमानावरून कृषी विद्यापीठाने अंश-दिवसांचे गणित चालवावे, आणि मंगळवार-शुक्रवारच्या कृषी सल्ल्यात पावसाच्या ओळीखाली एक ओळ किडीची यावी: अमुक मंडळ, मक्यावरील लष्करी अळी, पुढील दहा दिवस, धोका अमुक. कृषी विभागाने हे या खरिपात सगळ्या राज्यात करू नये. सिल्लोडसारख्या एका तालुक्यात करावे, हंगाम संपल्यावर अंदाज आणि शेतातली वस्तुस्थिती शेजारी-शेजारी मांडून दाखवावी, आणि मग पुढे जावे.

तोपर्यंत मका लावणाऱ्या वाचकांना एक विनंती. पेरणीची तारीख वहीत लिहून ठेवा. मका उगवताच एकरी चार-पाच कामगंध सापळे उभे करा, रोज सकाळी त्यातले पतंग मोजा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लिहा. आकडा एकदम वाढला की दुसऱ्या दिवसापासून रोज शेतात फिरून पानांवरचे पांढुरके चट्टे शोधा. शंभरात पाच झाडांवर दिसले तर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी तेव्हाच करा. त्या आठवड्यात अळी अजून पोंग्याबाहेर असते.